वाजविणारा आणि घडविणारा

बासरीचे ज्ञान अधिक कोणास, ती करणाऱ्यास की ती वाजविणाऱ्यास, असा प्रश्न प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या दहाव्या भागात उपस्थित केला आहे आणि त्याचा निकाल निःशंकपणे वाजविणाऱ्याच्या बाजूने दिला आहे. कोणती बासरी चांगली व कोणती वाईट हे वाजविणारा जाणतो. करणारा ते त्याच्याकडून ऐकून घेतो व त्याच्यावर विश्वास ठेवून काम करितो. एकापाशी ज्ञान, दुसऱ्यापाशी केवळ श्रद्धा. ॲरिस्टॉटल आपल्या गुरूशी पुष्कळ बाबतींत भांडला, परंतु येथे त्याचाही सूर निराळा नाही. घराची पारख ते बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्यास अधिक, सुकाणूची पारख सुतारापेक्षा सुकाणू धरणाऱ्यास अधिक, आणि मेजवानीची पारख आचाऱ्यापेक्षा पाहुण्यास अधिक, असे त्याने ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हटले आहे. वीस-पंचवीस वर्षे ही उदाहरणे मी वर्गात सांगत आलो. पण एखाद्या विद्यार्थ्याने उठून त्यांस हरकत घेतल्याचे मला स्मरत नाही. याचे श्रेय प्लेटोच्या तर्कपटुतेस देता येणार नाही. आपल्या समाजाने हा सिद्धांत प्लेटो न वाचताच, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक कडकपणे, अमलात आणलेला आहे.

मिरजेचे उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, राज्ये जाऊन तलवारी-भाल्यांस धार लावण्याचा धंदा बसला, तेव्हा फरीदसाहेब नावाचे एक शिकलगार तंतुवाद्ये करू लागले. पंढरपूरकडचा मोठा भोपळा, तून वृक्षाचे लाकूड, आणि पोलादावर तयार झालेला हात, एवढ्या भांडवलावर मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा साऱ्या हिंदुस्थानात गेला. २०२४ साली त्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मैफलीत बसलेल्या रसिकांपैकी किती जणांस समोरचा तंबोरा कोणाच्या हातचा हे ठाऊक असते? सतार ओळखली जाते ती वाजविणाऱ्याच्या नावाने. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस राहिले. वाद्ये उघडून दुरुस्त करण्यात त्यांचा हात चांगला होता असे सांगतात. आणि हे सांगताना सांगणाऱ्याच्या स्वरात जे नवल असते ते लक्षात घेण्याजोगे आहे. गवय्याने घोडीवर कानस चालवावी हे आपणांस अजून नवल वाटते. सुताराने गावे, हे तर आपल्या कल्पनेतही येत नाही.

याहून जुना पुरावा आमच्या दाराशीच आहे. वेरूळच्या कैलास लेण्याविषयी राष्ट्रकूटांच्या एका शाखेतील कर्कराजाचा, इसवी सन ८१२ च्या सुमाराचा, बडोद्याचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात असे वर्णन आहे की, हे देवालय पाहून देव तर चकित झालेच, पण ज्या शिल्पीने ते निर्मिले तोही, हे आपल्या हातून झाले तरी कसे, आणि पुन्हा असे काही होईल काय, या विचाराने थक्क झाला. कारागिराच्या अंतःकरणात इतक्या खोलवर डोकावणारा दुसरा राजलेख माझ्या वाचनात नाही. त्या ताम्रपटात कृष्णराजाचे नाव आहे, दान देणाऱ्या कर्काचे नाव आहे. शिल्पीचे नाव नाही.

आता ज्या वाद्यासंबंधी येथे लिहावयाचे आहे त्याचे नाव ऐकून काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. ते वाद्य म्हणजे विजेची गिटार, आणि तिची अधिक लांब दांडीची, जाड तारांची व खर्जातील बहीण बेस गिटार. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, आणि पुण्यामुंबईस तर अधिकच, काही तरुण ही वाद्ये विकत न घेता घरी करू लागले आहेत. गच्चीवर किंवा जिन्याखाली करवत-रंधा घेऊन बसावयाचे, फळीतून वाद्याचे धड कापावयाचे, दांडी घडवावयाची, पडदे ठोकावयाचे, आणि तारेच्या कंपाची वीज करणारा जो छोटा पिकअप, तोही हातानेच गुंडाळावयाचा. येथे करणारा व वाजविणारा एकच. प्लेटोच्या विभागणीत या मनुष्यास जागा नाही, म्हणूनच त्याचा विचार करावासा वाटतो.

मौज अशी की, हे वाद्य जन्मले तेच मुळी घरात. १९३१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात जॉर्ज बीचम नावाच्या वादकाने आपल्या जेवणाच्या मेजावर खटपट करून पहिला खरोखर कामाचा पिकअप सिद्ध केला. तार गुंडाळण्यास त्याने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर घेतली होती असे सांगतात. लेस पॉल याने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका कारखान्यात रविवारच्या सुट्टीत बसून चार इंच रुंद व चार इंच जाड अशा ओंडक्यावर तारा ताणल्या. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. १९५१ साली त्याने पडदे असलेली बेस गिटार बाजारात आणिली आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर. जगातील कित्येक नामांकित वादकांच्या हाती त्याची वाद्ये आहेत, पण त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. तो वादकांस बोलावी, त्यांच्या तक्रारी ऐकून घेई आणि पुन्हा कामास लागे. प्लेटोला हवा होता तसाच हा कारागीर. त्याच्या नेमका उलट मासला म्हणजे लंडनकडील ब्रायन मे. १९६३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, विकतच्या गिटारीस पैसे नाहीत म्हणून त्याने वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार करावयास घेतली. दांडीस जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी, त्यातील किड्यांची भोके आगकाड्यांनी बुजविलेली. मोटारसायकलच्या इंजिनातील दोन स्प्रिंगा. आईच्या विणकामाच्या सुईचे टोक. हे काम सुमारे दोन वर्षे चालले, आणि पुढे ‘क्वीन’ या वाद्यवृंदात जगभर जी गिटार वाजली ती हीच. त्याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीस झाले, हे वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेलच.

आणि आपल्याकडे? गणेशोत्सवात व वरातींत जो बेंजो वाजतो त्याकडे सुशिक्षित मनुष्य कान झाकून पाहतो. मूळचे ते जपानातील नागोया शहरी १९१२ साली निघालेले तारांचे व कळांचे एक घरगुती वाद्य. आपण त्याला बुलबुलतरंग म्हटले, त्यावर पिकअप बसविला, त्यास कर्ण्याशी जोडले, आणि बंद दिवाणखान्यातील ते नाजूक वाद्य भर रस्त्यात ढोल-ताशांच्या बरोबरीने उभे केले. घरी गिटार करणाऱ्या आजच्या तरुणाचे आपल्या भूमीतील खरे पूर्वज हे लोक होत. त्यांच्याविषयी कोणी प्रबंध लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

असो. घरी वाद्य करावे तरी कशाकरिता? काटकसर म्हणून, असे कोणी म्हणेल तर त्याने एकदा रंधा, पटाश्या, शिकंजे, डाख देण्याची इस्त्री व परदेशी खुंट्या यांची बेरीज करून पाहावी; त्या पैशांत दुकानातील साधी गिटार येऊन वर काही उरते. विकतच्यापेक्षा सरस होते म्हणून, असे म्हणावे तर पहिले वाद्य क्वचितच सरस होते. ‘निर्मितीचा आनंद’ हे उत्तर तर आजकाल इतक्या ठिकाणी इतक्या स्वस्तात मिळते की त्याचा अर्थ झिजून गेला आहे. पटाशी अंगठ्यात घुसली त्या वेळी कोणता आनंद होतो, हे या आनंदाचे व्याख्याते सांगत नाहीत.

‘माझ्या लाकडाचा आवाज’ हे उत्तर मात्र तपासून पाहण्यासारखे आहे; कारण घरी वाद्य करणारा जवळपास प्रत्येक जण ते देतो, आणि ते बरेचसे खोटे आहे. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे. वर ताणलेली पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते व वेढ्यांत किंचित वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखविलेले तत्त्व ते हेच. हा पिकअप बहिरा आहे. हवेतील ध्वनी त्यास जवळजवळ ऐकू येत नाही, आणि तार कोणत्या लाकडावर ताणली आहे याची तो विचारपूसही करीत नाही. सतारीचा भोपळा व तंबोऱ्याची तबली आवाजास आकार देतात, तो वाढवितात; विजेच्या गिटारीचे भरीव धड तसे काही करीत नाही. तारेचा कंप किती वेळ टिकतो यात लाकडाने थोडाबहुत फरक पडत असेल. परंतु साग की शिसम हे डोळे मिटून सांगेन अशी पैज मारणाऱ्याने रक्कम बेताची ठेवावी.

आणि तरीही या मनुष्याचे तीन-चतुर्थांश श्रम लाकडावरच खर्च होतात. मग ज्या श्रमाचा आवाजात मागमूस नाही तो वाया गेला काय? मिल्-बेंथमच्या पंथाचा मनुष्य होय म्हणेल. आपल्याकडील मनुष्य निष्काम कर्माचा दाखला देऊन मोकळा होईल. पण तो येथे लागू पडत नाही. हा तरुण निष्काम मुळीच नाही. त्याला फळ हवे आहे, उत्तम वाजणारी गिटार हवी आहे, आणि ती झाल्यावर मित्रांस दाखवावयाचीही आहे.

ऐकू न जाणारा श्रमही एकाच जातीचा नसतो. लेस पॉलने आपला तो ओंडका प्रथम तसाच वाजविला तेव्हा श्रोत्यांनी दाद दिली नाही. मग त्याने एक पोकळ गिटार उभी चिरून तिचे दोन अर्ध ओंडक्याच्या दोन बाजूंस जोडले, आणि त्याच आवाजास टाळ्या पडू लागल्या, असे तो पुढे सांगत असे. तो श्रम डोळ्यांकरिता होता. त्यात थोडी फसवणूकही होती. वेरूळच्या दहाव्या लेण्यात निराळाच प्रकार दिसतो. त्यास विश्वकर्मा लेणे म्हणतात, आणि लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘सुतार का झोपडा’. आत शिरून वर पाहिले म्हणजे कमानदार छताला ओळीने दगडी वासे दिसतात. ते कशाचाही भार घेत नाहीत. छत व वासे एकाच खडकाचे. पूर्वी चैत्यगृहे लाकडाची असत, त्यांतील वाशांचे हे दगडात केलेले स्मरण होय. हे वासे कोरले नसते तरी लेणे कोसळले नसते. त्यांचा उपयोग शून्य. पण सुतारांनी ते लेणे आपले मानिले, तेथील बुद्धमूर्तीस विश्वकर्मा म्हणून हात जोडले, ते त्या निरुपयोगी वाशांस पाहूनच ना?

घरी केलेल्या गिटारीतील श्रम मला या दोहोंहून वेगळा वाटतो. दांडीची पाठ किती गोल असावी हे पिकअपला कळत नाही, पण तळहातास कळते. ती अंगठ्यास टोचली तर हात आखडतो, हात आखडला तर बोट तारेवर उशिरा पडते, आणि बोट उशिरा पडले तर ते पिकअपलाही कळते. लाकडावरील श्रम आवाजात उतरतो तो वाजविणाऱ्याच्या देहातून. हा मार्ग वाजविणाऱ्यास दिसत नाही, कारण त्यास दांडी तयार मिळते. आणि केवळ करणाऱ्यास तो ऐकीव असतो. दोन्ही टोके ज्याच्या हाती आहेत त्यास तो ठाऊक होतो. प्लेटोने ज्यास ज्ञान म्हटले त्याचा अर्धाच भाग वाजविणाऱ्यापाशी असतो, असे मी म्हणतो ते यामुळे.

परंतु अशा वाद्यास ‘मी केलेले’ म्हणण्याचा अधिकार कितपत पोहोचतो? माझा एक माजी विद्यार्थी वाळूजच्या कारखान्यात नोकरीस आहे. त्याने गेल्या दोन वर्षांत एक बेस गिटार केली. धडास जुन्या वाड्याच्या पाडकामातील सागाची चौकट मिळाली. लाकूड सुरेख, पण सागात वाळूसारखा अंश असल्याने पटाशीची धार तासाभरात जाते, आणि वाद्य इतके जड झाले की खांद्यास रुंद पट्टा लागला. पिकअपकरिता त्याने इंग्रजी पुस्तकात वाचून ४२ नंबरची तार आणावयाची ठरविली. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानदाराने ४२ नंबरचीच तार दिली. निम्मेही वेढे झाले नाहीत तोच रीळ भरून गेले. चौकशी करता उमगले की, पुस्तकातील क्रमांक अमेरिकन मापाचा, आणि आपल्याकडे तार विकली जाते ती ब्रिटिश मापाने. अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३५ मिलिमीटर, ब्रिटिश ४२ म्हणजे ०.१०१६. दुकानदार खोटे बोलला नव्हता, पुस्तकही खोटे नव्हते. त्याने ब्रिटिश ४६ नंबरची तार आणिली आणि पुन्हा पहिल्या वेढ्यापासून आरंभ केला.

आता पाहा. चुंबक त्याने केला नाही, तार त्याने ओढली नाही, खुंट्या परदेशच्या, तारा परदेशच्या. एखादा तर्कट मनुष्य म्हणेल की यात त्याचे असे काय आहे? खादीच्या काळातही हा प्रश्न निघत असे. स्वतः सूत कातणाऱ्यास लोक विचारीत की कापूस तू पिकविलास काय? हा प्रश्न जेथून विचारला जातो तेथून त्यास अंत नाही, कारण माती कोणीच केलेली नाही. ब्रायन मेने आपल्या गिटारीस प्रथम स्वतः केलेले पिकअप बसविले होते. तार आडवी ओढली असता ते विचित्र आवाज काढीत, म्हणून त्याने पुढे बाजारातले आणून बसविले. त्यामुळे ती गिटार त्याची राहिली नाही असे कोणी म्हणत नाही. मला वाटते, सीमा सामग्रीत शोधणेच चुकीचे. जेथपर्यंत निर्णय माझा, आणि निर्णय चुकला तर चूकही माझी, तेथपर्यंत वस्तू माझी. त्या तरुणाचा पिकअप त्याचा झाला तो ४२ नंबरचे रीळ उलगडले त्या दिवशी.

चुकीची ही बाब वाद्याच्या पडद्यांत फार स्पष्ट दिसते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले. राग बदलला की वादक ते सरकवितो, आणि करणाऱ्याची चूक वाजविणारा क्षणात सुधारतो. गिटारीचा पडदा लाकडात चीर पाडून कायमचा ठोकावा लागतो. तारगहनापासून घोडीपर्यंतची लांबी १७.८१७ ने भागली म्हणजे पहिल्या पडद्याची जागा मिळते. उरलेल्या लांबीस पुन्हा त्याच अंकाने भागले म्हणजे दुसऱ्याची. असे करीत बारावा पडदा बरोबर मध्यावर येतो. गॅलिलिओचे वडील व्हिन्सेन्झो यांनी १५८१ साली यासाठी १८ या सोप्या अंकाचा नियम सांगितला होता, आणि कानास तो पुष्कळ काळ पुरला. परंतु गिटारीच्या ६४८ मिलिमीटर तारेवर १८ ने भागत गेल्यास बारावा पडदा मध्यापासून सुमारे २.४ मिलिमीटर सरकतो. बेसच्या ८६४ मिलिमीटर तारेवर ३ मिलिमीटरहून अधिक. विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाजी बल्लाळ देवल व क्लेमेंट्ससाहेब यांनी बावीस श्रुतींकरिता खास पेटी करविली, त्यावरून विद्वानांत पुष्कळ वाद माजला. वाद घालणाऱ्यांपैकी कोणी पेटीचा एखादा तरी सूर स्वतः कानशीने घासून पाहिला असता, तर वाद मिटला नसता कदाचित, पण थोडा विनयाने झाला असता.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण नाचणाऱ्याच्या थट्टेकरिता वापरतो. पण अंगण दुसऱ्याने सारविलेले असले म्हणजे ते वाकडे असण्याचा संभव नेहमीच शिल्लक असतो, आणि त्या संभवावर मनुष्य आयुष्य काढू शकतो. वर्गात मुले लक्ष देत नाहीत तेव्हा आम्ही अभ्यासक्रमास दोष देतो, अभ्यासक्रम करणारे शाळांस, शाळा पालकांस. आपल्या सगळ्या व्यवहारात करणारा एक व वापरणारा दुसरा असल्यामुळे प्रत्येकास बोट दाखविण्यापुरता दुसरा सापडतो. त्या विद्यार्थ्याच्या बेसवर पाचव्या पडद्याशी तार खरखरत असे. वाद्य दुकानातले असते तर त्याने ते परत केले असते. येथे परत कोणाकडे करणार? पंधरा दिवस त्याने लाकडास दोष दिला, मग वैशाखाच्या कोरड्या हवेस. मराठवाड्यातील उन्हाळ्यात लाकूड आकसते हे खरेही आहे. शेवटी पोलादी पट्टी आडवी धरून पाहिली तेव्हा दिसले की पाचवा पडदा निर्दोष होता. पुढचा सहावा केसभर उंच राहिला होता, आणि तो त्याने स्वतः, एका रविवारी संध्याकाळी, घाईने ठोकला होता. हे मला सांगताना तो हसत होता, पण वाराची व वेळेची आठवण त्याने ठेवली होती.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो मला गंभीर वाटतो. ज्याच्या पोटास पुरेसे आहे, ज्यास रविवार मोकळा आहे, त्याने हौसेने रंधा हाती घ्यावा व त्यास नीतीचे नाव द्यावे, हे ज्यांच्या चार पिढ्या रंध्यावर वाकल्या त्यांस कसे दिसेल? १९५० साली आमच्या शहरात ज्यांनी महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झाले, त्या डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनावरील निबंधात दाखवून दिले आहे की, जातिव्यवस्थेने कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच वाटून टाकिली. ज्याच्यावर रंधा लादला गेला त्याचा मुलगा तो टाकून कचेरीत जाऊ पाहतो, यात त्याचे काही चुकत नाही. हौशी मनुष्य कंटाळला तर रंधा खाली ठेवतो. जातीच्या सुतारास ती सोय नव्हती. म्हणून या छंदाने हातांच्या कामास प्रतिष्ठा येईल असे जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. प्रतिष्ठा येते ती मजुरीने, आणि काम सोडण्याची मोकळीक असली तर. गच्चीवर केलेल्या दहावीस गिटारींनी यांतील काहीच होत नाही.

तथापि एक लहानशी गोष्ट होते, आणि ती मी पाहिली आहे. त्याच विद्यार्थ्याच्या आत्याबाई गाणे शिकवितात. त्यांचा तंबोरा जवारी काढण्याकरिता मिरजेस न्यावयाचा होता. सोबतीस हा गेला. कारागिराने आकडा सांगितला. आत्याबाई रीतीप्रमाणे घासाघीस करू लागल्या. “नुसती घोडी तर घासायची,” त्या म्हणाल्या. हा म्हणाला, “आत्या, राहू दे. ते सांगतात तेवढे देऊ.” मग तो दुपारभर कारागिराशेजारी बसून राहिला. कारागीर कानशीचा एक हात फिरवी, तार चढवी, छेडी, कान घोडीजवळ नेई, सुताचा धागा तारेखाली सरकवी, मान हलवी, पुन्हा तार उतरवी. आत्याबाईंनी मध्ये दोनदा “आता ठीक आहे” असे म्हटले. कारागिराने दोन्ही वेळा तार पुन्हा उतरविली. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच तंबोरा पुढे सरकविला, आणि तो छेडताच आत्याबाई गप्प झाल्या.

प्लेटोच्या हिशेबाने या प्रसंगात ज्ञान आत्याबाईंपाशी होते व श्रद्धा कारागिरापाशी. ज्याने ते दृश्य पाहिले त्यास हा हिशेब मान्य करणे कठीण जाईल. आत्याबाईंस आवाज चांगला की वाईट हे कळत होते. तो अजून किती चांगला होऊ शकतो हे कारागिरास कळत होते, आणि तेही कानानेच. मैफल त्याने केली नसेल, पण ऐकण्यात तो त्यांच्यापेक्षा कमी नव्हता. हे त्या विद्यार्थ्याने मला ज्या आदराने सांगितले तो आदर दोन वर्षांपूर्वी त्याच्यापाशी असता, असे मला वाटत नाही. तेव्हा तोही घासाघीसच करिता.

मध्यंतरी त्याच्या एका मित्राने ती बेस वाजवून पाहिली आणि तशीच एक आपल्याकरिता करून मागितली. पैसेही देऊ केले. हा पेचात पडला. स्वतःच्या वाद्याची दांडी त्याने स्वतःच्या तळहातास जमेपर्यंत घासली होती. मित्राचा हात लहान, बोटे आखूड. मापे घेता येतील, मित्रास चार वेळा बोलावून दांडी त्याच्या हातात देता येईल, तो सांगेल तसे घासता येईल. पण खरखर झाली तर ती कोणाची? त्याने अद्याप होकार दिलेला नाही. लाकूड मात्र आणून ठेवले आहे, आणि मागच्या आठवड्यात तो मित्राच्या घरी जाऊन, तो वाजवीत असता, त्याच्या डाव्या अंगठ्याकडे तासभर पाहत बसला होता.